तबकडीचा ताळा

गेल्या नवरात्रांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. प्रसंग घरगुती आहे. पण त्यापासून आम्हीं घेतलेला धडा पुष्कळ घरांस उपयोगी पडण्यासारखा आहे असें वाटल्यावरून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

केडगांव हें पुणें रस्त्यावरचें, आतां अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) शहरास जोडून गेलेलें गांव. येथील रेणुकामातेच्या देवळांत नवरात्राचा उत्सव मोठा होतो, आणि त्या निमित्तानें आमचीं भावंडें मुलांबाळांसह आमच्याकडे जमतात. अष्टमीच्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर धाकट्या सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, आजेसासूबाई जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणत असें सारेच सांगतात. त्या कोणीं लिहून ठेवल्या आहेत का?" आम्ही मोठ्या ऐटीनें म्हणालों, "लिहून कशाला? प्रत्यक्ष त्यांच्याच आवाजांत ऐक."

ऐटीस कारण होतें. १९८९ सालीं आमच्या धाकट्या बंधूंनीं टेपरेकॉर्डर पुढें ठेवून दोन रात्रीं मातोश्रींकडून ओव्या म्हणवून घेतल्या होत्या. २००८ सालीं त्या कॅसेटी एका दुकानांत देऊन त्यांवरील आवाज आम्हीं डीव्हीडी तबकडीवर उतरवून घेतला. तबकडीवर आधीं घरांतील लग्नमुंजींचीं छायाचित्रें आणि त्यामागून ओव्या, अशा क्रमानें ती काठोकाठ भरली. पांच भावंडांच्या पांच घरांसाठीं पांच प्रती झाल्या. कॅसेटींस बुरशी आली होती, म्हणून घर बदलतांना त्या टाकून दिल्या. २०११ सालीं मातोश्री निवर्तल्या. आवाज मात्र आपण जपून ठेवला आहे, या समाधानांत आम्ही सारे होतों.

माडीवरच्या कपाटांतून तबकडी काढून आणली. यंत्रानें ती आंत घेतली, दोन मिनिटें घरघर केली, आणि परत बाहेर ढकलली. पुसून पुन्हा घातली, पुन्हा तेंच. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण आमचा चेहरा उतरलेला सर्वांस दिसला. दुसऱ्या दिवशीं बंधूंच्या घरांतून तबकड्या मागविल्या. दसऱ्यापर्यंत चार प्रती झाल्या, चारहि मुक्या. पांचवी पुण्यास भगिनीकडे शालूंच्या ट्रंकेंत, अंधारांत पडलेली होती. तिनें तेवढा जीव धरला होता. आमचा एक पुतण्या पुण्यासच संगणकाच्या व्यवसायांत आहे. त्यानें रात्रभर बसून, मंद गतीनें, पुन्हा पुन्हा वाचून तींतून बहुतेक सारें बाहेर काढलें. शेवटचा पाव तास मात्र आला नाहीं. त्या पाव तासांत मातोश्रींनीं लेकीसुनांचीं आणि नातवंडांचीं नांवें गुंफून ओव्या म्हटल्या होत्या.

"काका, या तबकड्या लिहिल्या त्या दिवशीं कोणीं शेवटपर्यंत वाचून पाहिल्या होत्या का?" पुतण्यानें विचारलें. आम्ही निरुत्तर झालों. चाळीस वर्षांच्या अध्यापनांत मुलांस 'गणित सुटलें म्हणून उठूं नका, ताळा करून पाहा' असें रोज सांगत आलों. आणि आईच्या आवाजाचा ताळा मात्र आम्हीं एकदांहि पाहिला नव्हता.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. पुढें सारें आयुष्य संस्कृताच्या सहवासांत गेलें. लेसर आणि संगणक हे आमचे विषय नव्हत. पण पुतण्यानें चार संध्याकाळीं जें समजावून दिलें, तें विद्यार्थ्यास कळेल अशा भाषेंत सांगतों.

डीव्हीडीची कोरी तबकडी दिसावयास एक, पण वस्तुतः दोन असतात. पॉलिकार्बोनेट नांवाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटवून १.२ मिलिमीटरची तबकडी होते. दोहोंच्या मध्यें रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर आणि त्यामागें प्रकाश परतविणारा धातूचा थर असतो. लिहितांना तांबड्या लेसर किरणाच्या उष्णतेनें रंगद्रव्यावर डाग पडतात; वाचतांना तसाच किरण मंद करून, कोठें डाग आहे आणि कोठें नाहीं, हें पाहिलें जातें. हे डाग आंतल्या बाजूपासून बाहेरच्या काठाकडे जाणाऱ्या एकाच मळसूत्री रेषेवर असतात. तिच्या दोन फेऱ्यांतील अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडींत शंभराच्या आसपास फेरे बसावे. ही रेषा उलगडून सरळ केली तर सुमारें १२ किलोमीटर भरेल. यावरून एका बोटाच्या ठशानें अथवा धुळीच्या कणानें किती मजकूर झांकला जात असेल, याची कल्पना करावी. शिवाय हें रंगद्रव्य सेंद्रिय असतें. आणि उन्हानें व उष्णतेनें लुगड्याचा रंग जसा उडतो, तसेंच याचेंहि होतें.

इतक्या नाजुक वस्तूवर लिहिलेलें वाचतां येतें, तें एका युक्तीमुळें. परीक्षेच्या गुणपत्रकांत प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणांची आडवी बेरीज आणि प्रत्येक विषयाच्या गुणांची उभी बेरीज मांडतात, हें शिक्षकांस ठाऊकच आहे. मध्यें एखाद्या घरावर शाई सांडली, तरी बेरजांवरून तेथील आंकडा शोधून काढतां येतो. तबकडीवरील मजकुराचेहि असेच तक्ते करतात. एका तक्त्यांत १९२ ओळी आणि प्रत्येक ओळींत १७२ बाइट. प्रत्येक ओळीस १० आणि प्रत्येक स्तंभास १६ बाइट ताळ्यासाठीं जास्त जोडलेले असतात. रीड आणि सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या गणितावर ही रीत उभी आहे. साध्या बेरजेहून तें गणित पुष्कळ खोल असलें, तरी तत्त्व हेंच.

वेदपाठकांच्या घरांत वाढलेल्यांस यांत कांहीं ओळखीचें वाटेल. संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनीं तेच शब्द सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हटले जातात. एखादें अक्षर वा स्वर चुकला, तर शेजारचा शब्द ती चूक उघडी करतो. यावरून आमच्या ऋषींस संगणक ठाऊक होता असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. जें जपावयाचें त्यांत ताळ्याची सोय आधींच करून ठेवावी, एवढा विवेक दोन्ही ठिकाणीं सारखा आहे, इतकेंच आमचें म्हणणें.

परंतु तबकडीच्या बाबतींत हीच सोय घात करते. तक्त्यांतील चुका परस्पर दुरुस्त होत असल्यामुळें तबकडी खराब होऊं लागली तरी ऐकणारास वा पाहणारास कांहीं कळत नाहीं. वासा वाळवीनें आंतून पोखरला जावा, बाहेरून रंग तसाच दिसावा, आणि एके दिवशीं भार सोसेनासा होतांच तो एकदम कोसळावा, असा हा प्रकार आहे. म्हणून 'परवांच तर चालत होती' या म्हणण्यास फारसा अर्थ नाहीं. तबकडी चालते कीं नाहीं, असें न विचारतां ती चालण्यासाठीं आंत किती दुरुस्ती करावी लागते, असें विचारलें पाहिजे.

आतां कोरी तबकडी निवडावी कशी तें सांगतों. पहिली गोष्ट, वेष्टनावरील नांवावर सर्वस्वीं विसंबूं नये. एकाच नांवाखालीं निरनिराळ्या कारखान्यांतील माल विकला जातो. खऱ्या कारखान्याची खूण तबकडीच्या अंगांतच कोरलेली असते, आणि संगणकावरील साध्या प्रोग्रामनें ती वाचतां येते. जपानच्या मित्सुबिशीच्या तबकड्यांवर 'एमसीसी', तायो युडेनच्या 'मायनस आर' तबकड्यांवर 'टीवायजी', आणि आपल्या देशांतील मोझर बेअरच्या तबकड्यांवर 'एमबीआय' या अक्षरांनीं ती खूण सुरू होते. मोझर बेअर हें नांव आपल्याकडे घरोघरीं पोंचलें, तें चित्रपटांच्या तबकड्या अवघ्या २८ आणि ३४ रुपयांत विकल्यामुळें. ती कंपनी २०१८ सालीं अवसायनांत निघाली. तायो युडेननें २०१५ सालीं हा धंदा सोडला. मित्सुबिशीनेंहि आपला व्हर्बाटिम हा तबकड्यांचा व्यवसाय पुढें तैवानच्या सीएमसी या कंपनीस दिला. तेव्हां आज बाजारांत जुन्या नामांकित खुणेचा माल दिसला, तर तो जुना सांठा आहे कीं नक्कल आहे, हें तपासल्यावांचून घेऊं नये. खूणहि खोटी घालतां येते. अखेर परीक्षा हाच खरा दाखला.

दुसरी गोष्ट, जपून ठेवण्यासाठीं एकदांच लिहितां येणारी, एका थराची, ४.७ जीबीची साधी तबकडी घ्यावी. 'प्लस आर' कीं 'मायनस आर' हा वाद आजच्या यंत्रांपुढें फारसा उरलेला नाहीं. पुसून पुन्हा लिहितां येणारी 'आरडब्ल्यू' तबकडी शाळेच्या पाटीसारखी आहे. तिच्यावर वंशावळ लिहूं नये. तिसरी गोष्ट, स्वस्त पडते म्हणून एकदम शंभराची चवड घेऊं नये. दहा घ्याव्या, एक लिहून तपासावी, आणि मग पुढें जावें. भाताचें शीत चेपून पाहण्यासारखेंच हें आहे.

रंगद्रव्याऐवजीं दगडासारख्या असेंद्रिय थरावर खूण उमटविणाऱ्या 'एम-डिस्क' नांवाच्या तबकड्याहि निघाल्या. त्या हजार वर्षें टिकतील असें कंपनीचें म्हणणें होतें. पण ती मूळ कंपनीच २०१६ सालीं दिवाळखोरींत निघाली. तबकड्या पुढें इतरांच्या नांवाखालीं मिळत राहिल्या. त्या लिहिण्यास तसाच ड्राइव्ह लागतो. ऐपत असल्यास त्या जरूर घ्याव्या; मात्र हजार वर्षांच्या भरंवशावर ताळा पाहण्याचें सोडूं नये.

लिहितांना घाई करूं नये. १६ पट गतीची तबकडी म्हणून ती १६ पटीनेंच लिहिली पाहिजे असें नाहीं. बाहेरच्या काठाशीं गति सर्वांत अधिक होते, आणि चुकाहि बहुधा तेथेंच वाढतात. आमचा पाव तास गेला तो काठाशींच. चार ते आठ पट गति बरी. चौपटीनें पूर्ण तबकडीस सुमारें १५ मिनिटें लागतात. तेवढा वेळ संगणकास दुसरें काम सांगूं नये. अगदींच मंद गतीहि हितावह नाहीं, कारण हल्लींचें रंगद्रव्य वेगवान् लेखनासाठींच तयार केलेलें असतें. काठाकडचा थोडा भाग कोरा सोडावा, हें आम्ही आपल्या अनुभवावरून सांगतों.

तबकडीची परीक्षा तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी म्हणजे मुळाशीं ताडून पाहणें. लिहिणाऱ्या प्रोग्राममध्येंच 'व्हेरिफाय' म्हणून खूण असते. ती कधींहि वगळूं नये. यापुढें जाऊन प्रत्येक फायलीचा 'हॅश' काढून ठेवावा. हॅश म्हणजे फायलीच्या एकूणएक अक्षरांवरून गणितानें काढलेली एक ठराविक लांबीची संख्या. मजकुरांत एका मात्रेचा फरक पडला तरी ती बदलते. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि संगणकीय पुराव्यासोबत जोडावयाच्या प्रमाणपत्रांत हॅश देण्याची सोय केलेली आहे. न्यायासनास जो ताळा लागतो, तो गृहस्थानेंहि पाहावा.

दुसरी पायरी, ज्या ड्राइव्हवर तबकडी लिहिली त्याहून वेगळ्या ड्राइव्हवर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून पाहावी. आपलें अक्षर आपल्याला नेहमींच लागतें. शेजाऱ्याला लागलें तर तें सुवाच्य. वाचनाच्या गतीचा आलेख चढत्या रेषेनें सरळ गेला तर ठीक. मध्येंच खड्डे पडले तर तेथें यंत्रास अडखळावें लागलें असें समजावें.

तिसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष चुका मोजणें. हें काम सर्व ड्राइव्ह करीत नाहींत. लाइट-ऑन, प्लेक्स्टर यांसारख्या कांहीं कंपन्यांचे ड्राइव्ह तो आंकडा सांगतात. नीरोचा डिस्कस्पीड, केप्रोब, ऑप्टि ड्राइव्ह कंट्रोल, लिनक्सवरील क्यूपीएक्सटूल हे त्यासाठीं वापरले जाणारे प्रोग्राम. त्यांत दोन आंकडे पाहावयाचे. आडव्या ओळींतील चुकांस 'पीआय एरर' म्हणतात. लागोपाठच्या आठ तक्त्यांत मिळून त्या २८० हून अधिक नसाव्या, अशी प्रमाणित मर्यादा आहे. ओळीच्या ताळ्यानें जी चूक सुटली नाहीं आणि स्तंभाच्या ताळ्यावर सोंपवावी लागली, ती 'पीआय फेल्युअर'. तपासणारे लोक एका तक्त्यांत अशा चारांहून अधिक चुका असूं नयेत असें मानतात. चांगल्या तबकडीचे आंकडे या मर्यादांच्या पुष्कळ खालीं आणि आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे असतात. काठाकडे आलेख डोंगरासारखा चढत गेला, तर आज चालणारी ती तबकडीहि बाजूस काढावी. निरनिराळ्या ड्राइव्हांचे आंकडे निरनिराळे येतात, म्हणून तुलना नेहमीं त्याच ड्राइव्हवर करावी. आंकडे वहींत तारखेसह लिहून ठेवावे आणि पुढच्या वर्षीं पुन्हा मोजावे. वैद्य जसा एका दिवसाच्या नाडीवर न जातां रोग्याची नाडी वरचेवर पाहतो, तसेंच हें आहे.

आतां ठेवण्याविषयीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें २००३ सालीं तबकड्यांच्या जपणुकीवर एक पुस्तिका काढली. तींत ४ ते २० अंश तपमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचविली आहे. आमच्या नगर भागांत मे महिन्यांत सावलींतच पारा चाळिशीस पोंचतो. पत्र्याखालच्या माडीवर काय होत असेल तें सांगावयास नको. आमची तबकडी बरोबर तेथेंच चौदा-पंधरा उन्हाळे काढीत होती. कोंकणांत उन्हाऐवजीं दमट हवेची भीति. पुण्याची ट्रंक वाचली, ती अंधार आणि गारवा यांमुळें. घरांतील सर्वांत थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागीं, प्रत्येक तबकडी स्वतंत्र डबींत, उभी ठेवावी. तिच्यावर कागदी चिठ्ठी चिकटवूं नये, बॉलपेननें लिहूं नये. मधल्या पारदर्शक कड्यावर मऊ टोंकाच्या पेननें नांव घालावें. पुसावी लागल्यास मऊ फडक्यानें मध्यापासून काठाकडे सरळ पुसावी, गोल गोल कधींच नाहीं.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमच्या पांचहि प्रती एकाच चवडींतल्या, एकाच दिवशीं, एकाच यंत्रावर, भरधांव गतीनें लिहिलेल्या होत्या. मोजावयास त्या पांच. पण एकीचा दोष तो पांचहींचा दोष. दोन प्रती करावयाच्या तर त्या दोन कारखान्यांच्या तबकड्यांवर कराव्या, आणि तिसरी हार्ड डिस्कवर ठेवावी. जागाहि वेगळ्या असाव्या. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांत आग लागली आणि तेथें ठेवलेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे जुने नायट्रेट चित्रपट जळाले. जें एका छपराखालीं असतें तें एका ठिणगीचें असतें.

कोणी विचारतील, आतां इतकीं नवीं साधनें असतां तबकडी हवी कशाला? प्रश्न रास्त आहे. तबकडी हें एकमेव साधन असूं नये, हें आम्हांसहि मान्य. पण एकदां लिहिलेली तबकडी चुकून पुसली जात नाहीं, तिच्यावर कोणी मागून कांहीं घुसडूं शकत नाहीं, आणि तिच्यासाठीं दरमहा भाडें भरावें लागत नाहीं. हे गुण थोडे नव्हत.

खरें पाहतां, कोणतेंहि साधन टिकत नाहीं. टिकते ती नक्कल करून ताडून पाहण्याची परंपरा. आमच्याच जिल्ह्यांत नेवासें येथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. नकलांवरून नकला होतां होतां तींत अपपाठ शिरले. सुमारें तीनशें वर्षांनीं, शके १५०६ मध्यें, पैठणच्या एकनाथमहाराजांनीं प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला, म्हणून ती आपल्या हातीं नीट आली. अलीकडचें उदाहरण तर ओव्यांचेंच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं पुण्याहून काम करून महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतील बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनीं त्यांतील पुष्कळांचें ध्वनिमुद्रण केलें. तो सांठा एका साधनावरून दुसऱ्यावर वेळींच उतरत गेला, म्हणून 'पारी' या संस्थेमार्फत आज तो घरबसल्या ऐकतां येतो. ज्या बायांचीं नांवें गांवाबाहेर कोणास ठाऊक नव्हतीं, त्यांचे आवाज राहिले. आणि आम्ही शिकलेसवरलेले, आमच्या आईच्या आवाजाचा पाव तास घालवून बसलों.

त्या पाव तासाचें पुढें काय झालें तें सांगून लेख संपवितों. दसऱ्याच्या संध्याकाळीं सोनें वांटून झाल्यावर पुन्हा तोच विषय निघाला. आमचें कुटुंब निवडटिपण करीत बसलें होतें. तें मान वर न करतांच म्हणालें, "माझ्या नांवाची ओवी मला येते कीं." आणि त्यांनीं ती म्हटली. मग थोरल्या वहिनींनीं आपली म्हटली. पुण्याच्या भगिनींनीं दोन आठवून सांगितल्या. सूनबाई वही घेऊन बसल्या. अशा सात ओव्या मिळाल्या. एकीच्या तिसऱ्या चरणावरून वहिनी आणि भगिनी यांचें जमेना. तेव्हां दोन्ही पाठ लिहून ठेवले. आवाज मातोश्रींचा नाहीं. तो गेला तो गेला. शब्द तेवढे परत आले.

जें वांचलें तें आणि हें नवें मुद्रण पुतण्यानें दोन निरनिराळ्या तबकड्यांवर लिहून, तिन्ही परीक्षा करून आमच्या हातीं दिलें. हॅश आणि चुकांचे आंकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. दसऱ्यास आपण पोथ्या काढून त्यांची पूजा करतों. यापुढें आमच्या घरीं त्याच पाटावर या तबकड्याहि मांडल्या जातील. फुलें वाहण्यापूर्वीं त्यांचा ताळा पाहावयाचा, आणि आंकडा वाढलेला दिसतांच नवी प्रत करावयाची, असा नेम घातला आहे. तें काम सूनबाईंनीं आपणहून मागून घेतलें.

वाचकांच्या घरींहि एखाद्या कपाटांत लग्नाची, मुंजीची, कोणा वडीलधाऱ्याच्या आवाजाची तबकडी पडलेली असेल. हा अंक खालीं ठेवल्यावर ती काढून शेवटपर्यंत वाचून पाहावी, एवढीच विनंति. इत्यलम्.